परसांतील केशर आंबा

आजोबांनीं आंबा लावावा आणि नातवानें तो खावा, असें पूर्वापार म्हणत आले आहेत. कोयीपासून वाढणाऱ्या रायवळ आंब्याच्या बाबतींत तें खरेंही होतें. कोय पुरल्यापासून पहिलें फळ हातीं येईपर्यंत आठ-दहा वर्षें सहज जात, आणि आलेलें फळ गोड निघेल कीं आंबट, रसाळ निघेल कीं नुसत्या दोऱ्यांनीं भरलेलें, हें लावणारास आधीं सांगतां येत नसे. कलमाच्या विद्येनें हें सारें पालटलें. कलम लावणारा गृहस्थ चौथ्या-पांचव्या वर्षीं स्वतःच्या झाडाचा आंबा स्वतःच्या पानांत वाढून घेऊं शकतो. परंतु चार-पांच वर्षें हाही कांहीं थोडा काळ नव्हे. एवढ्या अवधीनंतर लावलेली जात त्या जागेस मानवत नाहीं असें आढळलें, तर झाड काढून दुसरें लावण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. आणि त्या दुसऱ्या झाडास फळ धरेपर्यंत घरांतील मुलें शिक्षणासाठीं परगांवीं गेलेलीं असतात. म्हणून जातीचा विचार खड्डा खणण्यापूर्वींच करावयाचा असतो. सांगली शहर व सभोंवारचे तालुके यांतील घरगुती लागवडीस कोणता आंबा योग्य, या प्रश्नाचें उत्तर बहुतेक ठिकाणीं ‘केशर’ असें येतें. तें कां येतें, आणि त्या झाडाची निगा कशी राखावी, हें येथें क्रमानें पाहूं.

रोपवाटिकेंत जाणाऱ्या गृहस्थाच्या तोंडीं प्रथम नांव येतें तें हापूसचें. हापूसच्या स्वादाविषयीं वाद नाहीं. तथापि फळाचा लौकिक निराळा आणि झाडाचा स्वभाव निराळा. हापूस हा कोंकणच्या हवेंत वाढलेला आंबा. समुद्राकाठची दमट हवा, सौम्य थंडी आणि जांभ्या दगडाची, पाण्याचा झटकन निचरा करणारी लाल जमीन त्यास मानवते. सांगलीची प्रकृति याहून भिन्न. शिराळ्याचा डोंगराळ भाग सोडला तर पाऊस पांच-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. जत आणि आटपाडी या तालुक्यांत त्याचाही भरंवसा नाहीं. कृष्णाकाठीं जमीन काळी, खोल व चिकण. उन्हाळ्यांत हवा कोरडी आणि दुपारीं पारा चाळिसाच्या घरांत. अशा ठिकाणीं हापूसचें झाड जगतें, वाढतें, हिरवेंगारही दिसतें. परंतु त्याच्या कोंकणांतल्या कीर्तीप्रमाणें तें फळेलच, असें मानून चालणें धोक्याचें होय.

हापूसचे दोन दोष त्याच्या खुद्द मायदेशींही आहेत. पहिला ‘साका’. फळ बाहेरून निर्दोष दिसतें, सुगंधही येतो, पण कापल्यावर कोयीलगतचा गर पांढरट, आंबट आणि स्पंजासारखा निघतो. उन्हानें तापलेल्या जमिनीची झळ फळास लागली कीं हा दोष वाढतो, असें अभ्यासकांस आढळलें आहे. झाडाखालीं पालापाचोळ्याचें आच्छादन ठेवल्यास तो कमी होतो, तो त्यामुळेंच. दुसरा दोष वर्षाआड फळण्याचा. आंब्यास मोहोर येतो तो जून झालेल्या डहाळीच्या शेंड्यास. ज्या डहाळ्यांवर यंदा भरपूर फळ पोसलें गेलें, त्या थकून जातात. त्यांना वेळेवर नवी पालवी फुटत नाहीं, आणि पालवी वेळेवर फुटून जून झाली नाहीं तर पुढील हिंवाळ्यांत मोहोर कोठून येणार? म्हणून एक वर्ष झाड लदलेलें आणि दुसरें वर्ष रितें, असा क्रम पडतो. शंभर झाडांचा बागवान हें सोसूं शकतो. त्याच्या बागेंत कांहीं झाडें यंदा फळतात, कांहीं पुढच्या वर्षीं. ज्याच्या परसांत एकच झाड आहे, त्याचें मात्र सबंध वर्ष फुकट जातें.

केशराची गोष्ट येथूनच निराळी होते. हा आंबा मूळचा सौराष्ट्रांतला. इ. स. १९३१ मध्यें जुनागड संस्थानचे वजीर सालेभाई यांनीं वंथळी येथें त्याची लागवड केली, आणि पुढें गिरनारच्या पायथ्याच्या बागेंत त्याचीं सुमारें ७५ कलमें लावण्यांत आलीं. १९३४ सालीं जुनागडचे नबाब महाबतखान यांनीं कापलेल्या फळाचा रंग पाहून त्यास ‘केशर’ हें नांव दिलें, असें सांगतात. गिरनारच्या परिसरांतील या आंब्यास २०११ सालीं ‘गीर केशर’ या नांवानें भौगोलिक मानांकनही मिळालें. तो प्रांतही उन्हाळ्यांत तापणारा व हवेनें कोरडा. त्यामुळें केशर महाराष्ट्रांत आला तो कोंकणापेक्षां घाटावरच अधिक रुळला. मराठवाड्यांत तो एवढा स्थिरावला कीं ‘मराठवाडा केशर’ या नांवानेंही त्यास स्वतंत्र मानांकन मिळालें आहे. १९९० च्या सुमारास रोजगार हमी योजनेशीं निगडित फळबाग लागवड सुरू झाल्यानंतर अवर्षणग्रस्त तालुक्यांच्या माळरानांवर आंब्याचीं जीं कलमें लागलीं, त्यांत केशराचा वांटा मोठा होता. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागांतही त्याच्या बागा आहेत. म्हणजे सांगलीच्या गृहस्थास ही जात नव्यानें पारखून पाहावयाची नाहीं. तिची परीक्षा शेजारच्या शिवारांत झालेली आहे.

आतां या आंब्याचीं लक्षणें पाहूं. फळ मध्यम आकाराचें, सुमारें २०० ते ३०० ग्रॅम वजनाचें, लांबट आणि टोंकाकडे किंचित् वळलेलें असतें. टोंकाजवळची लहानशी चोंच ही त्याची ओळख. गर गडद केशरी, दोऱ्यांविरहित आणि अतिशय गोड. आमरसास हा रंग असा उठून दिसतो कीं त्यांत वेगळें केशर घालण्याची गरज भासूं नये. साक्याचा दोष त्यांत सहसा आढळत नाहीं. हापूसच्या मानानें झाड अधिक नियमितपणें फळतें. एखाद्या वर्षीं फळ कमी येईल, पण झाड अगदीं रितें राहण्याचे प्रसंग थोडे. फळ मे महिन्यांत व जूनच्या आरंभीं काढणीस येतें, म्हणजे मुलांच्या सुट्टीचा शेवट आणि पावसाची सुरुवात यांच्या मधोमध. एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवावी. पिकलेला केशर हापूसप्रमाणें सर्वांगीं सोन्यासारखा पिवळा होत नाहीं. त्याच्या सालीवर हिरवी छटा पुष्कळदां तशीच राहते. हें वैगुण्य नसून जातीचा धर्म आहे. या एका गोष्टीच्या अज्ञानामुळें घरोघरीं चांगलीं फळें वायां जातात. त्याविषयीं पुढें सांगावयाचें आहे.

जागा अगदींच तोकडी असेल तर आणखी दोन नांवें विचारांत घ्यावीं. ‘आम्रपाली’ ही दशहरी आणि नीलम यांच्या संकरांतून दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेंत १९७१ सालीं तयार झालेली ठेंगणी जात. ती दरवर्षीं घोसांनीं फळते व आठ-दहा फुटांच्या अंतरावरही लावतां येते; पण फळ लहान आणि उशिराचें, त्यामुळें पावसांत सांपडण्याचा संभव. दुसरी ‘रत्ना’. नीलम व हापूस यांचा हा संकर कोंकण कृषि विद्यापीठाच्या वेंगुर्लें येथील केंद्रानें १९८१ सालीं प्रसृत केला. फळ मोठें, दोऱ्यांविरहित आणि साक्यापासून मुक्त. हापूसच्या स्वादाची ज्यास फारच ओढ आहे त्यानें याचा विचार करावा. एरवीं सांगलीच्या मध्यम परसास केशरच सोयीचा.

जात ठरली कीं कलम कोठून घ्यावें हा प्रश्न. गोड केशराची कोय जपून पेरली तर केशरच उगवेल, अशी कित्येकांची समजूत असते. ती चुकीची आहे. आंब्याच्या मोहोरांतील फुलांवर कोणत्याही झाडाचा पराग माशांच्या पायांनीं येऊन पडतो, आणि कोयींतलें रोप आई-बापांपासून निराळें निपजतें. जात जशीच्या तशी राखावयाची तर रायवळ रोपाचा खुंट घेऊन त्यावर केशराची काडी बांधावी लागते. कोय कलम असो, मृदुकाष्ठ कलम असो वा जुनें भेट कलम, तत्त्व एकच: मुळें रायवळाचीं, शेंडा केशराचा. आतां बाजारांत गाडीवरून ‘केशर, केशर’ म्हणून जीं कलमें विकलीं जातात, त्यांत खरें कोणतें आणि खोटें कोणतें हें पानांवरून सामान्य माणसास ओळखतां येत नाहीं. फसवणूक उघडकीस येते ती फळ आल्यावर, म्हणजे पांच वर्षांनीं. तेव्हां विकणारा कोठें शोधावयाचा? म्हणून चार पैसे अधिक पडले तरी कलम कृषि विद्यापीठाच्या, कृषि खात्याच्या अथवा परवानाधारक रोपवाटिकेंतूनच घ्यावें आणि पावती जपून ठेवावी. कलम एक-दीड वर्षाचें, सरळ, जोड पक्का बसलेला आणि जोडाच्या वर निदान दोन वेळां पालवी येऊन गेलेली असें पाहून निवडावें. उंच कलम म्हणजे चांगलें कलम, असें मानूं नये.

जागेचा हिशेब सोपा आहे. आंब्याच्या जुन्या पद्धतीच्या बागेंत दोन झाडांत दहा मीटर, म्हणजे सुमारें ३३ फूट अंतर ठेवीत. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा. अर्थात् मोकळें वाढूं दिलेलें एक झाड एक सबंध गुंठा व्यापतें. शहरांतील घराच्या मागें एवढी जागा कोठून असणार? म्हणून परसांतील झाड पहिल्यापासून छाटून आटोपशीर ठेवावें लागतें. भिंतीपासून निदान पंधरा फूट अंतर राखावें, डोक्यावर विजेच्या तारा नसाव्या आणि दुपारपर्यंतचें ऊन झाडास मिळावें. सावलींतला आंबा पानें देतो, फळ देत नाहीं.

काळ्या जमिनीविषयीं विशेष काळजी हवी. तीन फूट लांब, तीन फूट रुंद व तितकाच खोल खड्डा उन्हाळ्यांत खणून महिनाभर तापूं द्यावा. चिकण मातींतला असा खड्डा पावसाळ्यांत हौदासारखा भरून राहतो आणि मुळें कुजतात. यासाठीं खणलेल्या मातींत मुरूम व तीन-चार घमेलीं चांगलें कुजलेलें शेणखत मिसळून खड्डा भरावा आणि वर हातभर उंचवटा करून त्या उंचवट्यावर कलम लावावें. जेथें दोन-तीन फुटांखालीं चुनखडीचा थर लागतो, तेथें आंबा लावण्याचा आग्रह धरूं नये. अशा जागीं पानें पिवळीं पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि झाड खुरटतें. नदीकाठच्या सखल वस्तींत आणखी एक विचार आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षीं कृष्णेचें पाणी सांगलीच्या सखल भागांत घरांघरांत शिरलें. मोठें झाड असे कांहीं दिवस सोसतें, कोवळें कलम सोसत नाहीं. तेव्हां पुराच्या टप्प्यांतील परसांत कलम जूनमध्यें न लावतां पुराचा काळ सरल्यावर सप्टेंबरांत लावावें. इतरत्र जून-जुलैचा पहिला चांगला पाऊस हाच मुहूर्त.

लावतांना कलमाचा जोड मातीच्या वर चार बोटें राहिला पाहिजे. जोडाखालीं फुटणारा प्रत्येक फुटवा लागलीच काढावा. तो रायवळाचा असतो आणि राहूं दिल्यास केशरास गिळून टाकतो. परसांत केशर लावून पुढें रायवळ फळल्याच्या कित्येक तक्रारींचें मूळ या दुर्लक्षांत असतें. शेजारीं काठी रोवून कलम सैल बांधावें. पहिलीं दोन वर्षें उन्हाळ्यांत वर सावली करावी आणि बुंध्याभोंवतीं पाचट अथवा पालापाचोळा पसरावा. जत-आटपाडीकडे पाण्याची ओढ असते, तेथें कलमाशेजारीं मडकें पुरून त्याच्या बुडास बारीक छिद्र पाडून वात बसवावी. मडक्यांतलें पाणी थेंबाथेंबानें मुळाशीं जातें. झाड अडीच-तीन फूट उंच झालें कीं शेंडा खुडून चारी बाजूंस तीन-चार मुख्य फांद्या वाढवाव्या. पहिलीं तीन वर्षें आलेला मोहोर खुडून टाकावा. हें करतांना मन कचरतें, विशेषतः मुलांचें. परंतु बाळझाडास फळांचें ओझें दिलें तर त्याची वाढ कायमची खुंटते.

परसांतल्या आंब्याचें सर्वांत मोठें नुकसान पाण्याच्या टंचाईनें होत नाहीं, पाण्याच्या अतिरेकानें होतें. घरोघरीं असें दृश्य दिसतें: झाड सहा-सात वर्षांचें, पानांनीं दाट भरलेलें, आणि मोहोराचा पत्ता नाहीं. चौकशी करावी तर मोरीचें पाणी आंब्याकडे सोडलेलें असतें, किंवा शेजारच्या गुलाबांना रोज पाणी घालतांना आंब्यासही दोन बादल्या मिळत असतात. पावसाळा संपल्यावर फळत्या झाडास विश्रांति हवी. ऑक्टोबरपासून पाणी तोडलें आणि त्यावर थंडी पडली म्हणजे डहाळ्या नवी पालवी फोडण्याचें थांबवून मोहोराची तयारी करतात. त्या काळांत पाणी मिळत राहिलें तर झाडास पावसाळाच चालू आहे असें वाटतें, आणि तें पानें फोडीत बसतें. काळी जमीन मुळांत ओल धरून ठेवणारी; तेथें तर ही चूक अधिकच महाग पडते. फळ वाटाण्याएवढें झाल्यावर मग पाणी सुरू करावें, पंधरा दिवसांच्या अंतरानें भरपूर द्यावें, तें बुंध्याशीं न घालतां फांद्यांच्या घेराखालीं आळें करून द्यावें, आणि काढणीच्या पंधरा-वीस दिवस अगोदर पुन्हा बंद करावें. दरवर्षीं मोहोर यावा म्हणून कांहीं बागाईतदार मुळाशीं वाढ रोखणारें संजीवक ओततात. घरच्या एकट्या झाडास त्याची जरुरी नाहीं. पाणी वेळेवर तोडणें हेंच त्याचें औषध.

फळ उतरल्यावर, जूनमध्यें, वाळलेल्या व आंत गर्दी करणाऱ्या फांद्या छाटाव्या आणि मोठ्या झाडास सुमारें ५० किलो शेणखत घालावें. छाटणीनंतर फुटणारी पालवी हिंवाळ्यापर्यंत जून होते आणि पुढील मोहोराची सोय लागते. छाटणीमुळें आंत ऊन-वारा खेळतो, तेणेंकरून तुडतुडे आणि भुरी यांचाही जोर कमी राहतो. तुडतुडे मोहोराचा रस शोषतात व पानांवर चिकटा पाडतात; मोहोर उमलण्याआधीं निंबोळी अर्काची फवारणी उपयोगी पडते. भुरी दिसल्यास पाण्यांत विरघळणारें गंधक फवारावें. मोहोर पूर्ण फुललेला असतांना मात्र कोणतेंही औषध मारूं नये, कारण परागीकरण करणाऱ्या माशा त्यानें मरतात. खोडावर भुसा बाहेर टाकणारें छिद्र दिसलें तर आंत भिरूड आहे असें समजून तारेनें तें कोरून काढावें. फांदीवर बांडगूळ दिसतांच तें मुळासकट छाटावें. फळमाशीसाठीं गळलेलीं फळें रोज वेंचून खोल पुरावीं आणि एक-दोन रक्षक सापळे टांगावे.

मोहोरापासून चारएक महिन्यांनीं फळ तयार होतें. देठाजवळचे खांदे वर येऊन देठाशीं खळगा पडला, साल तजेलदार हिरवी होती ती फिकट झाली, म्हणजे कैरी जून झाली. एक फळ बादलींतल्या पाण्यांत सोडून पाहावें. जून फळ तळाशीं जातें, कोंवळें तरंगतें. झाडावर पाड लागला कीं विलंब करूं नये, कारण वळवाचा एक झंझावात सारें पीक खालीं आणतो. फळ झेल्यानें, देठ बोटाच्या पेऱ्याएवढा राखून, सकाळच्या वेळीं उतरवावें. देठ तुटला तर चीक सालीवर ओघळून डाग पडतो आणि तेथूनच फळ नासूं लागतें. मग भाताच्या पेंढ्यांत अथवा सुक्या गवतांत एकेरी थर लावून अढी घालावी. आठ-दहा दिवसांत आंबा पिकतो. येथेंच पूर्वीं सांगितलेली चूक होते. घरांतील माणसें हापूसच्या संवयीनें पिवळ्या रंगाची वाट पाहतात, केशर हिरवट दिसतो म्हणून तसाच ठेवतात, आणि तो आंत उतरून जातो. केशराची पारख डोळ्यांनीं करूं नये. अढी उघडतांच घमघमाट आला आणि फळ अंगठ्यानें हलकेंच दाबल्यास मऊ लागलें, कीं तें पिकलें, मग रंग कांहींही असो.

ज्यांच्या परसांत जुना रायवळ उभा आहे, त्यांनीं केशरासाठीं तो तोडण्याची घाई करूं नये. लोणच्यास, पन्ह्यास रायवळाची आंबट कैरीच हवी. फळ अगदींच निरुपयोगी असेल तर त्याच्या फांद्या छाटून, फुटलेल्या नव्या धुमाऱ्यांवर केशराच्या काड्या बांधतां येतात. जुन्या मुळांच्या बळावर असें झाड नव्या कलमापेक्षां लवकर फळास येतें.

सांगलीच्या ज्या घराच्या मागें पंधरा-वीस फूट मोकळी जागा आहे, तेथें एक केशर सुखानें नांदूं शकतो. त्यासाठीं तीन गोष्टी पुरेशा आहेत: खात्रीचें कलम, निचऱ्याची जागा आणि हिंवाळ्यांत पाणी तोडण्याचा निश्चय. पहिलीला थोडा पैसा लागतो, दुसरीला थोडी मेहनत, तिसरीला केवळ संयम. एवढें साधलें कीं जुन्या म्हणींत एक लहानशी दुरुस्ती करावी लागेल. आजोबांनीं लावलेला आंबा नातू खाईलच. परंतु त्याच्या शेजारीं पाटावर बसून आजोबाही तो खातील.